काहिलीच्या काठावरचं कुंकू

सन दोन हजार तेवीस. मला एक्क्याऐंशीवं लागलं होतं. त्या मे महिन्यात आमच्या गावच्या शाळेच्या भिंतीवर गावाचा इतिहास रंगवायला घेतला. सरपंचांनी जिल्ह्याच्या कुठल्याशा स्पर्धेत गावाचं नाव घातलं होतं आणि कमिटी बघायला येणार होती. भिंतीवर नऊ चित्रं. पहिलं ग्रामदैवताचं, दुसरं तालमीचं, तिसरं फौजेत गेलेल्या जवानांचं. चार, पाच, सहा, सात ही चारही चित्रं चोरट्या तांदळाची.

चोरटा म्हटलं की आताच्या पोरांना वाटतं कुणाच्या तरी घरातून पळवला. तसं नव्हे. आमचं गाव वारणेच्या काठाला. पलीकडचा काठ कोल्हापूर जिल्ह्यात, अलीकडचा सांगलीत. पलीकडं डोंगराच्या अंगाला भात पिकायचं, आमच्याकडं जोंधळा आणि ऊस. मी चोवीस वर्षांचा होतो त्याच्या आदल्या साली पीक बुडालेलं. रेशनला तांबडी मिलो मिळायची, अमेरिकेची ज्वारी, जनावरानं तोंड फिरवावं अशी. आणि कायदा असा होता की एका जिल्ह्यातलं धान्य परवान्याशिवाय दुसऱ्या जिल्ह्यात न्यायचं नाही. पुलावर नाका बसवला होता. बैलगाडीतल्या कडब्यात सळई खुपसून बघायचे. माझ्या मावशीचं गाव आमच्या देवळाच्या पायरीवरून दिसायचं, पण तिच्या शेतातला तांदूळ आमच्या ताटात आला की तो गुन्हा.

मग आम्ही नदीतून आणायचो. नदीला नाव होती, पण पूर चढला की नाव वडाला साखळीनं बांधून कुलूप घालायचे आणि किल्ली नाक्यावर ठेवायचे. म्हणून काहील. ज्यात उसाचा रस आटवून गूळ करतात ती लोखंडी कढई. आमच्या गुऱ्हाळाची काहील नऊ फूट रुंद होती. तळ सपाट, काठ मांडीएवढा. पाण्यात सोडली की तरंगते, पण नावेसारखी सरळ जात नाही, स्वतःभोवती फिरते. ती पुरातून पलीकडं नेऊन चार पोती घालून परत आणायची म्हणजे पाणी ओळखणारा माणूस लागतो. तो आमच्या गावचा नावाडी होता. चाळिशीचा, अंगानं काटक, बोलायला कमी. आम्ही चौघं भाऊबंद आणि तो. पाचातला आता मी एकटाच राहिलोय.

सरपंचांनी पेंटरला चित्रात रात्र काढायला सांगितली होती, वर चांदणं. सरपंच फौजेतून हवालदार होऊन आलेले, त्यांना वाटलं असली कामं अंधारातच होणार. मी म्हटलं, "आवं सरपंच, पुरातनं रातचं काय दिसनार? झाड व्हावत आलं अंगावर तर?" आम्ही भर दुपारी आणायचो, पाऊस कोसळत असताना. तसल्या पावसात नदीकडं कोण फिरकत नाही. सरपंचांनी ऐकलं आणि चांदण्यावर ढग काढायला लावले.

भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलंय, 'गोरगरिबांच्या पोटासाठी'. थोडा होता गोरगरिबांसाठी. बाळंतिणीला, आजाऱ्याला पेजेपुरता दिला जायचा. पण बाकीचा बैलगाडीतून तासगावच्या व्यापाऱ्याकडं जायचा. आणि नाक्यावरच्या साहेबाला वेड्यात काढायची आम्हाला हौस होती, ती वेगळीच.

तीन खेपा बिनघोर झाल्या. तिसऱ्या खेपेला मात्र काहील भोवऱ्यात सापडली आणि दहा-बारा गिरक्या खाऊन कशीबशी सुटली. मी घाबरलो होतो. ते तेव्हा कुणाला सांगितलं नाही, आता लिहितोय.

म्हणून आषाढातल्या त्या चौथ्या खेपेआधी मी पूजा मांडली. आमच्या घरची रीत अशी, दिवाळीनंतर गुऱ्हाळ सुरू करताना काहील चुलवाणावर चढवायच्या आधी आई तिच्या काठावर कुंकवाची पाच बोटं ओढायची. कुंकू तेलात कालवलेलं, म्हणजे वाफेनं उतरत नाही. कुंकू लावल्याशिवाय त्या मोसमात काहिलीला हात लावायचा नाही. मला वाटलं, तीन खेपा आपण रीत मोडून केल्या, म्हणून भोवरा लागला. घरातून तेलात कालवलेलं कुंकू आणून मी काठावर पाच बोटं ओढली आणि नारळ फोडला.

नावाडी वल्हं घेऊन आला. त्याची लेक मागून भाकरी घेऊन आली होती, अकराएक वर्षांची.

"हे काय करतुयास रं?"

"दिसत न्हाई व्हय? पूजा."

"करायची तर नदीची कर की. वटी भर तिची. भांड्याला कशाला कुकू?"

"तुमच्या नावंला तुमी काय बी करा. काहील आमची हाय."

"आरं, आकाडात काहिलीला कुकू कोन लावतं? बगणारा काय म्हनंल? बरं, लावलंस तर लावलंस. माघारी आल्यावर पुसून टाक एवढं."

"लावलेलं कुकू पुसायचं? आनि घरातल्या बायकास्नी काय सांगू?"

आमच्याकडं लावलेलं कुंकू आपल्या हातानं पुसणं म्हणजे काय, ते त्यालाही ठाऊक होतं. पण त्याचं बरोबर होतं आणि माझं चूक होतं. तो नोकर माणूस, मी मालकाचा पोरगा, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

खेप चांगली झाली. चार पोती आणली, गुऱ्हाळात चिपाडाच्या ढिगाखाली दाबली. चिपाड म्हणजे रस काढून उरलेला वाळका ऊस, जळणाला ठेवतात. काहील भिंतीला टेकवून ठेवली. भाऊबंद जेवायला घरी गेले, नावाडी काठावर वल्हं धुवायला गेला. मी दारात बिडी ओढत बसलो. कुंकू पुसलं नाही.

चारच्या सुमाराला नाक्यावरचा तोच पुरवठा खात्याचा साहेब दोन पोलीस घेऊन आला. पुराच्या दिवसात तो काठाकाठानं गस्त घालायचा, आज आमच्या बाजूला आला एवढंच. रबराचा कोट, पायात चिखल. आत शिरला, पाऊस झटकला. त्याला पाणी विचारलं, तो नको म्हणाला. इकडं तिकडं बघून निघालाच होता. दारात थांबला आणि काहिलीकडं वळला.

"ऊस कवा तोडला?"

"ऊस कुठला सायेब. आकाड चाललाय."

"मग हिला कुंकू कुठलं?"

त्यानं काठावरून बोट फिरवलं आणि माझ्या तोंडासमोर धरलं. बोट लाल.

"माझ्या घरी दोन गुऱ्हाळं हायत," तो म्हणाला. "आमच्यात बी दिवाळीनंतर लावत्यात. हे आजचं हाय. बोटाला येतंय." मग वाकून त्यानं काहिलीचा तळ बघितला. तळाला ओली वाळू. "चिपाड उपसा रं," तो पोलिसांना म्हणाला.

हे झालं तेव्हा तिथं मी, साहेब आणि दोन पोलीस. गावातला दुसरा माणूस नव्हता.

मला तालुक्याला नेलं. अकरा दिवस ठेवलं. बरोबर कोण होतं ते सांग म्हणून मारलं. डाव्या हाताची करंगळी अजून वाकडी आहे. मी एकाचंही नाव घेतलं नाही. हे जसंच्या तसं खरं आहे आणि त्यात मी कुणाला बोट घालू देणार नाही.

सुटून आलो तर वेशीत हार घेऊन माणसं उभी. हलगी लावली होती. थोरल्या भावानं मिठी मारली आणि म्हणाला, "नावाड्यानं घात केला. त्या दिशी सकाळी त्यो नाक्यावर सायबासंगं बोलत हुता, चार जणांनी बघितलंय. बैठक झाली. त्याचं बलुतं बंद."

नावाड्याला पगार नव्हता. सुगीला घराघरातून धान्य मिळायचं, तेच बलुतं. ते बंद म्हणजे नावही बंद. नाक्यावर तो गेला होता हे खरं. नावेचं कुलूप कधी काढणार, बसून खायचे दिवस आलेत, हे विचारायला गेला होता. आम्हाला आदल्या दिवशी सांगूनच गेला होता, पण ते कुणाला आठवलं नाही.

भावाचं ऐकून मी काय म्हटलं? मी म्हटलं, "आसं?"

एवढंच. गळ्यात हार होता. पुढं चालायला लागलो.

महिनाभरानं नावाडी मला नदीवर भेटला. मी बैल धूत होतो. तो जवळ आला, खाली बघत म्हणाला, "कुकू पुसलं हुतंस का?"

मी म्हटलं, "तुमी नाक्यावर कशाला गेला हुता?"

त्यानं माझ्याकडं बघितलं आणि गेला. पुन्हा त्यानं मला काही विचारलं नाही. दिवाळीच्या आत त्यानं गाव सोडलं, लोणंदला स्टेशनावर हमाल झाला. पाण्यातला माणूस, पाठीवर पोती उचलायला लागला. तिकडंच वारला. लेक तेवढी आमच्या गावात राहिली, कारण तिला गावातल्याच मामाकडं ठेवली आणि पुढं त्याच घरात दिली. तिला गाव नावाड्याची म्हणत नाही, फितुराची म्हणतं. तिच्या नवऱ्याशी कुणाचं बांधावरून भांडण झालं की पहिला शब्द तोच. मी स्वतः तो शब्द कधी तोंडात घेतला नाही. हे मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो.

आता भिंतीकडं येतो.

शाळेचे मास्तर तरुण आहेत, चांगले आहेत. दिवाळीच्या सुट्टीत ते माझ्याकडं मोबाईल घेऊन आले आणि म्हणाले, आबा, सगळं सांगा, मी टेप करतो. मी सांगितलं. सत्तावन्न वर्षं सांगून सांगून ती गोष्ट तोंडात बसलीय, कुठं थांबायचं, कुठं करंगळी दाखवायची, सगळं. शेवटी मास्तरांनी विचारलं, "मग फितुरी कुणी केली?"

मी म्हटलं, "लोक नावाड्याचं नाव घेत्यात."

म्हणजे मी म्हटलं नाही, लोक म्हणतात. असा मी हुशार.

त्यावरून सातवं चित्र. शिराळ्याहून पेंटर आणला होता. नागपंचमीला तिकडं नागाचे बोर्ड रंगवतो, हात चांगला. त्यानं काढलं, साहेब खुर्चीत बसलाय आणि नावाडी वाकून त्याच्या कानाला लागलाय. खाली लिहिलं, 'फितुरी'. सहाव्या चित्रात मी, हातात बेड्या, छाती पुढं. माझं चित्र मला आवडलं होतं. खोटं कशाला सांगू.

चित्र पुरं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नावाड्याची लेक माझ्या सोप्यात आली. अडुसष्टीची बाई आता. डेअरीत दूध घालून येत होती, हातात रिकामी किटली. सून पाणी घेऊन आली, तिनं घेतलं नाही. उंबऱ्याच्या आत आली नाही.

"दादा, भितीवरचं चित्तार बगितलंसा?"

"बगितलं."

"सातवं?"

"व्हय."

"माझा बा हसला की खालचं दात दिसायचं. त्यानं वरचं काढल्यात."

मी म्हटलं, "पेंटरनं कुठं बगितला हुता त्याला?"

"न्हाई बगितला. आनि तरी काढला." किटली तिनं दुसऱ्या हातात घेतली. "जूनमधी नातवाची पोर पयलीत जानार. तिला आत्ताच वाचाया येतंय. काल भितीवरचं वाचून आली आनि मला म्हनती, पणजे, फितुरी म्हंजी काय गं? आनि ह्यो मानूस कोन? मी काय सांगू तिला?"

"मग तुला काय पायजे?"

"मला काय बी नगो. गावानं बलुतं बंद केलं, तवा बी मागितलं न्हाई. तेवडं एक चित्तार काढून टाका म्हनावं. रोज त्या पोरीनं त्याच्यापुढनं जायाचं हाय. तुमचं ऐकत्यात."

निघाली. पायरी उतरली आणि मागं न बघता म्हणाली, "पुसून टाक म्हनला हुता माझा बा. मी भाकरी घिऊन तितंच हुते."

सत्तावन्न वर्षं ती रोज माझ्या दारावरून जातेय. लग्नाकार्यात माझ्या घरच्या बायकांना हळदीकुंकू लावलंय तिनं. कधी अवाक्षर नाही. त्या दिवशी मी जेवलो नाही असं काही नाही, जेवलो. पण जेवताना करंगळीकडं लक्ष जात होतं.

मी ठरवलं, चित्र पुसायला लावायचं. पण कारण सांगायचं नाही. कारण सांगितलं तर सहाव्या चित्रातल्या माझ्या छातीचं काय होणार, ते मला कळत होतं. वयानं माणूस शहाणा होतो म्हणतात, मला तसा अनुभव नाही.

भिंतीपाशी गेलो आणि पेंटरला म्हटलं, "ह्यो पटका चुकलाय. नावाडी आसला पटका बांधत न्हवता." मला वाटलं, चुकलंय म्हटल्यावर पुसेल. त्यानं विचारलं, "मग कसला?" मी सांगितला. त्यानं तसा काढला.

दुपारी पुन्हा गेलो. "त्याला मिशा न्हवत्या." मिशा पुसल्या.

"नाका पत्र्याचा हुता, कौलाचा न्हाई." कौलं गेली, पत्रा आला.

"त्यो एवडा जाड न्हवता." पेंटर म्हणाला, "आबा, लय बारीक ध्यान हाय तुमचं," आणि नावाडी बारीक केला. दात तेवढे मी सांगितले नाहीत.

दोन दिवस हे चाललं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उभा राहून बघितलं तर नावाडी हुबेहूब झालेला. आधी तो कुणीही होता, माझ्यामुळं तो तोच झाला. भिंतीवरून वाकून साहेबाच्या कानाला लागलेला.

मी तसाच ग्रामपंचायतीत गेलो. कमिटी परवा येणार म्हणून मीटिंग चालली होती. सरपंच, मास्तर, तालमीचे दोघं-तिघं आणि माझ्याबरोबरीचा एक म्हातारा, जो सगळ्या मीटिंगना चहासाठी येतो. मला खुर्ची दिली. मी बसलो नाही.

"सातवं चित्र काढून टाका," मी म्हटलं.

सरपंच हसले. "आबा, आता काय चुकलं? पटकाबिटका का?"

"सगळंच चुकलंय. नावाड्यानं सांगितलं न्हवतं."

"मग कुणी सांगितलं?"

"कुणी बी न्हाई. साहेबानं काहिलीचं कुकू बगितलं. आकाडात लावलेलं. ते मी लावलं हुतं. नावाडी मला पुसून टाक म्हनला हुता, मी पुसलं न्हाई. त्यावरनं पोती घावली."

तालमीतल्या एकाला कळलंच नाही, त्यानं विचारलं, "कुकवावरनं?" गुऱ्हाळं बंद होऊन वीस वर्षं झाली, त्याला कुठून ठाऊक असणार. मी त्याला समजावून सांगितलं, दिवाळीनंतर कसं लावतात, तेलात का कालवतात. सांगता सांगता मास्तरांचा चेहरा बदलला.

माझ्याबरोबरीचा म्हातारा म्हणाला, "गड्या, उन्हाचं फिरत जाऊ नगंस. डोकं तापलंय तुझं."

"तुझं त्या दिशी नावाड्याला नाक्यावर बगितलं म्हनून साक्ष देताना तापलं हुतं का?" मी म्हटलं. नाक्यावर बघितलं म्हणणाऱ्या त्या चार जणांतला एक तो होता. तो चहाच्या कपात बघायला लागला.

सरपंच म्हणाले, "आबा, ऑर्डर झालीया आता. परवा कमिटी येनार, रंग वाळला. एवड्या वर्सांनी कशाला उकरताय? तुमचाच कमीपणा होतोय. पब्लिक तुमाला मानतीया."

"मानू द्या. नगो आसंल तर नगो मानू द्या."

"मग अकरा दिस मार खाल्लासा, त्यो पन खोटा?"

"त्यो खरा हाय," मी म्हटलं. "त्यो ठिवा. त्याला हात लावायचा न्हाई."

तालमीतला पोरगा खुदकन हसला. मला राग आला, पण त्याचं बरोबर होतं.

मग मास्तर बोलले. आवाज हळू. "आबा, मी तुम्हाला विचारलं होतं ना? फितुरी कुणी केली म्हणून?"

"इचारलं हुतं."

"तुम्ही नावाड्याचं नाव सांगितलंत."

"मी न्हाई, लोक म्हनत्यात म्हनलो."

"म्हणजे काय आबा?"

त्यांनी चिडून विचारलं नव्हतं. पोराला फळ्यापुढं उभं करून गणित विचारावं तसं विचारलं. तिसरीत मी शाळा सोडली, त्यानंतर मला असं कुणी विचारलं नव्हतं.

"म्हंजी खोटं बोललो," मी म्हटलं. "तवा बी आनि आता बी."

सरपंचांनी डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवली. मग ते म्हणाले, "बरं. फितुरी न्हवतीच म्हंजी. मग सातव्या चित्रात काढायचं काय? भित मोकळी ठिवायची? आट आनि सहाच्या मदी भोक? कमिटी काय म्हनंल?"

सकाळी बघू, असं सरपंच म्हणाले आणि मीटिंग मोडली. घरी येताना नावाड्याच्या लेकीच्या दारावरून आलो. आत टीव्ही चालू होता. मी थांबलो नाही. आत जाऊन काय सांगणार होतो?

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मी आंघोळ केली. धुतलेलं धोतर नेसलो, लग्नात बांधतो तो पटका बांधला. देव्हाऱ्यातला कुंकवाचा करंडा घेतला. सुनेनं विचारलं, कुठं निघालात, मी सांगितलं, शाळेत. ती हसली, मग हसायची थांबली.

पेंटर अजून ब्रश भिजवत होता. मी त्याला म्हटलं, "सातवं पुस. चुना आन." त्यानं मास्तरांना फोन लावला. मास्तर फोनवर काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, पण त्यानं चुना आणला. नावाडी पुसायला त्याला अर्धा तास लागला. पटका, पत्रा, सगळं मी सांगितलेलंच होतं.

ओल्या भिंतीपुढं मी स्टूल घेऊन बसलो. करंडा उघडून डाव्या हातात धरला, उजव्या हाताची पाच बोटं पुढं केली. "आता माझं त्वांड काढ," मी म्हटलं, "म्हातारं नगो, चोवीस वर्साचं. पुढं काहील. काठाला कुकू. आनि बाजूला नावाडी उभा. हात वर करून मला नगो म्हनतोय आसा."

"खाली काय लिहू?"

"जे झालं ते लिव्ह. मास्तर सांगतील."

त्यानं कोळशानं आडवी रेघ मारली. साडेसातचा सुमार असेल. नावाड्याची लेक डेअरीतून परत येत होती. रस्त्याच्या पलीकडं थांबली. किटली खाली ठेवली. पेंटरनं काहिलीचा गोल काढला, काठ काढला. ती बघत होती. मी हात खाली घेतला नाही.

मग तिथूनच म्हणाली, "काठ एवडा उंच न्हवता. मांडीला लागायचा."

पेंटरनं माझ्याकडं बघितलं. काहील आमच्या घरची होती. तिचा काठ किती, ते त्या गावात माझ्यापेक्षा जास्त कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

मी म्हटलं, "बाई सांगती तसं काढ."

पेंटरनं फडक्यानं काठ पुसला आणि खाली घेतला. मग विचारलं, "नावाडी कसा काढू?"

मी स्टुलावरून उठलो, रस्ता ओलांडला, तिची किटली उचलली आणि म्हटलं, "ये. दात खालचं दिसायचं म्हनलीस ते त्याला सांग."